चढावरचा पत्ता

इस्त्रीवालीची इस्त्री सहा किलोची होती आणि जीभ त्याहून जड. इस्त्री निदान गार तरी व्हायची.

चढावरच्या मोठ्या शाळेची दगडी भिंत जिथं सुरू होते, तिथं बदामाच्या झाडाखाली बापामागं तिचं टेबल एकोणीस वर्षं उभं होतं. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली वीट. सकाळी ती इस्त्रीत कोळसा भरायची, तोंडानं फुंकर घालून निखारे फुलवायची, आणि पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत सगळ्या चढाला शिव्या घालून मोकळी व्हायची. म्हणजे दिवसभर गोड बोलायला जागा होते, असं तिचं म्हणणं.

चढावरच्या माणसांना वाटायचं, ही बाई आपले कपडे ओळखते. ती त्यांनाच ओळखायची. कोणाच्या पँटची कंबर वाढली, कोणाची नोकरी सुटली, कोणत्या घरातनं एका डबलबेडच्या चादरीऐवजी दोन वेगळ्या चादरी येऊ लागल्या, हे तिला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळायचं. घरोघरी मातीच्या चुली असं लोक म्हणतात. ती म्हणायची, घरोघरी मळक्या कॉलरी.

शिक्षण विचाराल तर चौथी. पुढचं शिक्षण रद्दीवर झालं. इस्त्रीचे कपडे बांधायला वर्तमानपत्रं लागत, आणि एका पानाचे दोन तुकडे केले म्हणजे रद्दी पुरवठ्याला येते. त्यामुळं जगातल्या सगळ्या बातम्या तिला अर्ध्याच ठाऊक होत्या. आग लागली हे तिला ठाऊक असे, विझली की नाही ते दुसऱ्या गठ्ठ्याबरोबर कोणाच्या तरी घरी गेलेलं असे. उरलेलं अर्धं ती स्वतः रचायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची. बऱ्याच जणांना तिचं अर्धंच जास्त खरं वाटायचं.

चौथीनंतर तिची शाळा सुटली याला मोठं कारण नव्हतं. बापाचं याच झाडाखाली टेबल होतं. पोरं दोन, आणि टेबलाला दोन हात कमी पडत होते. ती थोरली आणि तिचे हात लांब. धाकटा भाऊ लहान, त्याचं नाक सतत वाहायचं, गिऱ्हाइकांच्या कपड्यांजवळ त्याला उभं करणं धोक्याचं. म्हणून त्याला शाळेत घातलं. असा एका नाकावर दोन माणसांचा जन्म ठरला.

तेही साध्या शाळेत नाही. तेव्हाच्या हेडमास्तरांचे शर्ट बाप इस्त्री करायचा. एक दिवस त्यानं शर्ट देता देता पोराचं नाव काढलं, आणि पोरगा दगडी भिंतीच्या आत गेला. पत्ता कोणी विचारला नाही. तेव्हा विचारतच नसत. सात वर्षं त्याच्या गणवेशाला तिनं अशी घडी घातली की तिच्यावर पेरू कापावा. पोरगा शिकला, आणखी शिकला, पाणीखात्यात अधिकारी झाला, आणि शेवटी बहिणीच्या टेबलापासून दोनशे पावलांवरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आला.

आता घरी सगळे त्याला साहेब म्हणत. पहिल्यांदा कौतुकानं म्हणत, मग सवयीनं, आणि त्याची बहीण म्हणायची ती कशानं ते सांगायला नको. साहेबांचे शर्ट चढाखालच्या यंत्राच्या लाँड्रीत जायचे.

"ताई, तुला उगीच त्रास कशाला," तो म्हणाला होता.

"खरंय," ती म्हणाली होती. "आमच्या इस्त्रीला तुझे शर्ट आठवतात रे. तिला रडू येईल, डाग पडतील."

रोज टेबलाजवळ आलं की साहेबांना घड्याळ बघायची आठवण व्हायची. मान खाली घालून मनगट बघत बघत ते बदामाचं झाड पार करत. इतक्या वर्षांत ते कामावर कधी उशिरा पोचले नसतील.

इस्त्रीवाली स्वतः राहायची सहा किलोमीटरवर, खाणीपलीकडच्या वस्तीत. नवरा हिशेबी शब्दांचा माणूस. कपडे आणायचे, पोचवायचे, पाणी शिंपडायचं, आणि दिवसातनं दहा-बारा शब्द बोलायचे. त्यांची एकुलती पोरगी अकरा वर्षांची. वस्तीत शाळा होती. तिथले मास्तर वाईट नव्हते, ते फक्त नसायचे. कधी माणसं मोजायला जायचे, कधी गुरं, कधी मतं. पोरीनं दिवाळं निघालेल्या त्या शाळेतलं पुस्तक अर्ध्या वर्षात संपवलं आणि उरलेलं अर्धं वर्ष बाकीच्या पोरांना शिकवलं. मास्तर आले की तिच्यावर खूश होऊन पुन्हा मोजायला जायचे.

त्या वर्षी मोठ्या शाळेनं प्रवेशाची परीक्षा घेतली आणि पोरगी तिसरी आली. चढावरच्या तीन-चार घरांना ताप भरला. इस्त्रीवालीनं त्या आठवड्यात त्यांच्या शर्टांना जरा जास्तच प्रेमानं इस्त्री केली.

मग नियम निघाला. मूल शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणारं पाहिजे.

ती शाळेच्या कचेरीच्या खिडकीशी गेली. आतल्या माणसाला म्हणाली, "मी एकोणीस वर्षं तुमच्या भिंतीला पाठ लावून उभी राहते."

आतला माणूस कागदातनं मान वर न करता म्हणाला, "बाई, उभं राहणं म्हणजे राहणं नव्हे."

ती टेबलाशी परत आली. एक शर्ट जळता जळता वाचला. नवऱ्यानं पाणी शिंपडलं आणि त्या दिवसाच्या कोट्यातला एक शब्द खर्च केला.

"साहेब," तो म्हणाला.

संध्याकाळी ती चार मजले चढून गेली. भावजयीनं दार साखळीएवढं उघडलं. भावजय चांगल्या घरची होती, म्हणजे तिच्या माहेरी तीन पिढ्या खुर्चीवर बसून काम करत आल्या होत्या. तिनं कधी वाईट शब्द काढला नव्हता. चांगले शब्दही ती मोजूनच काढायची.

"ताई? या ना. चपला बाहेर राहू द्या."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ताई, हा खोटा पत्ता झाला. मी सरकारी माणूस."

"मी तुला खोटं बोलायला कुठं सांगते? नुसता गप्प बस. ते तुला छान जमतं."

"उद्या कोणी चौकशीला आलं तर? शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

साहेबांनी भावजयीकडं पाहिलं, भावजयीनं पडद्याकडं. पडद्याला चुण्या होत्या. इस्त्रीवालीच्या ते लक्षात आलं, पण ती काही बोलली नाही. हे तिच्या आयुष्यात फार क्वचित घडलं असेल.

"बरं तर," ती उठत म्हणाली. "राहिलं. उद्यापासून तू झाडाखालनं गेलास की मी आपली हाक मारीन. सख्खा भाऊ दिसला नि हाक नाही मारली तर लोक नावं ठेवतात. लहानपणी मारायचे तीच हाक मारते. ए शेंबड्या!"

"अगं हळू!" साहेब ताडकन उठले. "दे, कागद दे इकडं."

तर पोरगी कागदावर मामाच्या घरी राहायला आली. आठ दिवसांनी शाळेची चिठ्ठी आली: गुरुवारी सकाळी आमचा माणूस घर बघायला येईल, कुटुंबानं घरी हजर राहावं.

भावजयीनं किल्ली टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाली, "मला असल्या नाटकात उभं राहता यायचं नाही. मी दोन दिवस आईकडं जाते. घर जसं आहे तसं राहू द्या म्हणजे झालं."

एवढं एकच वाक्य इस्त्रीवालीनं ऐकलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण बुधवारी सकाळी ती नवऱ्याला आणि पोरीला घेऊन, इस्त्री आणि कोळशाची पिशवी घेऊन चौथ्या मजल्यावर गेली. दार उघडलं आणि आधी पडदे उतरवले.

पडद्यांना इस्त्री झाली. मग चादरींना, उशांच्या अभ्र्यांना, टेबलावरच्या कापडाला. मग साहेबांचे बनियन. मग टॉवेल, हातरुमाल, दळणाची पिशवी. दुपारपर्यंत ती रंगात आली होती. तिच्या हातचं काम या चढावरच्या प्रत्येक घरात गेलं होतं, पण चढावरचं एक अख्खं घर तिच्या हाती असं पहिल्यांदाच लागलं होतं. पोरगी कोपऱ्यात बसून गणितं सोडवत होती. तिच्या वहीची दुमडलेली पानं आईनं काढून घेतली आणि त्यांनाही इस्त्री फिरवली. शेवटी न्हाणीघराच्या दारामागनं तिनं फरशी पुसायचं फडकं काढलं, धुतलं, वाळवलं, आणि टेबलावर पसरलं.

"अगं," नवरा म्हणाला, "फडक्याला कशाला?"

"बघू दे त्या माणसाला. म्हणू दे, काय घर आहे!"

"अति तिथं माती."

"पाणी शिंपडा."

त्यानं पाणी शिंपडलं. फडक्याची आठपदरी घडी झाली, धारेला धार.

गुरुवारी शाळेचा माणूस आला. वाळका, पन्नाशीचा, खिशाला शाईचा जुना डाग. इस्त्रीवालीनं आधी त्याची कॉलर पाहिली. कॉलर उलटवून शिवलेली होती. म्हणजे झिजलेली बाजू आत नि चांगली बाहेर. काटकसरी घरचा माणूस, तिच्या मनात आलं, असल्या माणसाच्या नजरेतनं काही सुटत नाही.

तिचा अंदाज बरोबर निघाला. त्यानं बैठकीची खोली पाहिली, मान हलवली. पोरीची पुस्तकं पाहिली, मान हलवली. दोन पाढे विचारले, पोरीनं तीन सांगितले. इथवर सगळं लोण्यासारखं चाललं होतं. मग त्यानं हात धुवायला न्हाणीघर विचारलं, आणि बाहेर आला तो हातात ते फडकं घेऊन, दोन बोटांत धरून, लग्नपत्रिका धरावी तसं.

"हे काय?"

"फडकं," ती म्हणाली. "फरशी पुसायचं."

"याला इस्त्री केलीय."

"आमच्याकडं असंच असतं."

तो माणूस खुर्चीवर बसला. फडकं मांडीवर ठेवलं.

"बाई, माझे वडील शिंपी होते. अख्ख्या गावाचे कपडे शिवले त्यांनी. दहावीपर्यंत माझ्या शर्टाला एक बटण कमीच होतं. आई मागं लागायची, ते म्हणायचे, गिऱ्हाइकाचं झालं की लावतो. ते गेले तेव्हाही त्यांच्या अंगातला सदरा काखेत उसवलेला होता." त्यानं बोट केलं. "तुमच्या मालकांचा शर्ट बघा."

सगळ्यांनी बघितलं. नवऱ्याच्या अंगावरचा शर्ट चघळून टाकल्यासारखा होता. अख्ख्या घराला इस्त्री करताना तेवढी एकच वस्तू राहून गेली होती, कारण ती वस्तू पाणी शिंपडत होती. मग इस्त्रीवालीनं स्वतःकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. खरंच होतं. त्यांच्या घरात इस्त्रीचा कपडा यायचा तो गिऱ्हाइकाचा, आणि दारातनंच परत जायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो तिच्या घरी रोजचाच, कधी कोणाला खटकला नव्हता.

"आमच्या भिंतीशी रोज उभी असते ती इस्त्रीवाली ज्या घरात राहते," तो माणूस म्हणाला, "त्या घरातलं फडकं असं नसतं. हे काल केलंय. माझ्यासाठी."

जिन्यात पावलं वाजली. साहेब अर्धी रजा टाकून आले होते, आणि मागोमाग भावजयही, कारण तिला आईकडं बसून राहवेना. दार उघडंच होतं. समोरचं दारही उघडं होतं, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई कठड्याला टेकून नखं बघत होत्या.

"तुम्ही घरमालक?" शाळेचा माणूस म्हणाला. "या बाई इथं राहतात का?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. सवयच ती. मग त्यांची नजर टेबलावर गेली. तिथं त्यांच्या बनियनांची चळत होती, कोपऱ्याला कोपरा लावून, बाह्या मागं दुमडून, शाळेत असताना त्यांच्या उशाशी गणवेशाची जशी घडी असायची अगदी तशी. साहेबांचं नाक गळायला लागलं. ते इतकी वर्षं बरं होतं.

"ही माझी थोरली बहीण," ते म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला, वरच्या बाईंच्या नखांपर्यंत गेला. "बदामाखाली इस्त्री करते ती. आज नाही राहत. सोमवारपासून राहील."

"कोण राहील?" इस्त्रीवाली उसळली. "मी? मी कोणाच्या दारात पडायला येणार नाही. पोरीसाठी पत्ता मागितला, जागा नाही मागितली!"

"कोण राहील?" भावजयही त्याच वेळी म्हणाली. नणंद-भावजयीचं एकमत व्हायची ती पहिलीच वेळ.

शाळेच्या माणसानं कागद घडी घालून पिशवीत टाकला. "मी खोटं लिहीत नाही. आज काही लिहीतच नाही. मला महिन्याची मुदत असते, या महिन्यात मी पुन्हा येईन, सांगून येणार नाही. राहत असाल तर दिसेल. नसाल तर पुढच्या नंबराचं मूल आहेच, ते याच इमारतीत राहतं."

वरच्या बाई आत गेल्या. पुढच्या नंबराचं मूल त्यांचं होतं.

तो गेल्यावर भावजयीनं आधी दार लावून घेतलं. पोरगी सगळ्यांची तोंडं बघत राहिली. तिनं कालपासून काही मागितलं नव्हतं, आताही मागितलं नाही. फक्त पुस्तकं एकेक करून पिशवीत भरायला लागली. शेवटी नवऱ्यानं घसा साफ केला.

"वस्तीत शाळा आहेच की," तो म्हणाला. "मास्तर येतील कधीतरी."

एवढे शब्द त्यानं लग्नाच्या वेळीही एकदम वापरले नव्हते. इस्त्रीवालीनं पोरीच्या हातातली पिशवी घेतली आणि जमिनीवर ठेवली.

सोमवारी खाणीपलीकडच्या घराला कुलूप लागलं.

पहिले चार दिवस दोघी बायका एकमेकींना चहा देत होत्या. पाचव्या दिवसापासून आपापला करून प्यायल्या. इस्त्रीवालीनं गॅलरीत कोळसा ठेवला, तो भावजयीच्या कुंड्यांवर उडाला. भावजयीनं दोरीवरचे तिचे कपडे कडेला सरकवले. नवरा पहाटे न्हाणीघरात शिरे तो शांतता मिळते म्हणून तिथंच बसे, आणि साहेब टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर घड्याळ बघत उभे राहत. पोरीनं आपली जागा शोधली: तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधला जिन्याचा वळणावरचा कट्टा. तिथं उजेड होता आणि दोन्ही बाजूंचा आवाज सारखाच ऐकू यायचा, त्यामुळं कोणाची बाजू घ्यावी लागत नव्हती. येणारेजाणारे शेजारी तिला आधी वळसा घालून जात. मग एक-दोघांनी आपल्या पोरांची गणितं तिच्याकडं पाठवायला सुरुवात केली.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळी सातला, शाळेचा माणूस आला. त्याला दुसऱ्या मजल्यावरच कळलं की कोणीतरी राहतं.

"माझ्या चांगल्या पातेल्यात खळ कालवलीत तुम्ही, वन्सं!" एरवी ताई म्हणणारी भावजय वन्संवर आली की समजावं, पाणी डोक्यावरनं गेलं. "माझ्या माहेरचं पातेलं आहे ते!"

"मग माहेरीच ठेवायचं होतंस! इथं काय शोभेला आणलंस? तुझा नवरा ज्या शर्टांवर साहेब झाला ना, त्यांची खळ असल्याच पातेल्यात शिजली!"

"शर्ट, शर्ट, शर्ट! एकोणीस दिवस तेच ऐकतेय! माझी कुंडी मेली त्याचं काय?"

"कुंडी नाही मरत. रोप मरतं. शिकलेली ना तू?"

आतनं काहीतरी पडलं. साहेबांचा आवाज आला, "अगं, ताई, अगं," आणि दोन्ही बाजूंनी एकदम उत्तर आलं, "तुम्ही गप्प बसा!" "तू गप्प बस!"

शाळेचा माणूस कट्ट्यावर पोरीशेजारी टेकला.

"रोज असंच?"

"नाही," पोरगी वहीतनं मान वर न करता म्हणाली. "रविवारी मामा घरी असतो. तेव्हा जास्त."

त्यानं कागद काढला, पोरीची वही खाली धरायला मागून घेतली आणि लिहायला लागला. पोरीनं वाकून बघितलं.

"काय लिहिलंत?"

"राहतात."

"मला मिळाली शाळा?"

"सही तेवढी राहिलीय. पेनला काय झालंय बघू दे," तो म्हणाला आणि पेन झटकू लागला.

तेवढ्यात दार उघडलं. भावजय पातेलं हातात घेऊन बाहेर आली, तिच्यामागं इस्त्रीवाली. दोघींनी कट्ट्यावरचा माणूस बघितला आणि जागच्या जागी थिजल्या. मग भावजयीनं पातेलं पाठीमागं लपवलं आणि गोड हसली.

"या ना, वर या. आम्ही आपल्या गप्पा मारत होतो. ताई आल्यापासून घर कसं भरल्यासारखं वाटतं."

"भावजय कसली," इस्त्रीवाली तिच्या खांद्यावर हात टाकत म्हणाली, "सख्खी बहीण. आवाज म्हणून चढवत नाही कधी. इथं आल्यापासून एक वाकडा शब्द..."

"बाई!" शाळेचा माणूस घाईघाईनं उठला. पेन अजून चालत नव्हतं. त्यानं ते पायरीवर घासलं, कागद भिंतीवर दाबला आणि कशीबशी सही ओढली. "दोघी गप्प बसा आधी. आणखी एक शब्द बोललात तर मला पुन्हा संशय येईल."

कागद त्यानं पोरीच्या हातात दिला आणि जिना उतरायला लागला. तो तळाशी पोचायच्या आत वर पातेल्यावरनं पुन्हा सुरू झालं होतं.